पासष्टीचे पाय आणि तीन मजले

साठीला निवृत्त झाले तेव्हा ऑफिसनं शाल-श्रीफळ दिलं आणि एका मैत्रिणीनं धावायचे बूट. शाल कपाटात गेली आणि मी रस्त्यावर आले. चौसष्टीपर्यंत मी मुकुंदवाडीहून छावणीपर्यंत न थांबता धावू लागले होते, एकवीस किलोमीटरच्या दोन शर्यतीही पुऱ्या केल्या होत्या. याचा मला गर्व होता. अजून आहे, लपवून काय करायचं?

ती दुष्काळाची वर्षं. जायकवाडी तळाला गेलेलं, आणि आमच्या बाजूला शहर असं वाढत होतं की गेल्या वर्षी जिथं ज्वारी उभी होती तिथं यंदा टू बीएचकेच्या पाट्या. माणसं आली, पाणी काही आलं नाही. नळ आठवड्यातून एकदा. मोटर लावली की कोण किती ओढतंय ते कळत नाही, म्हणून आमच्या इमारतीनं मोटरच बंद ठेवली होती. पाण्याच्या दिवशी खालच्या हौदातून प्रत्येक घरानं वीस हंडे न्यायचे, आपापल्या पायांनी. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट फक्त बिल्डरच्या नकाशात होती.

त्यातले दहा हंडे माझे असत. चौसष्टावा वाढदिवस झाला आणि मुलानं-सुनेनं मिळून ठरवलं. "आत्या, आता तुमी हंड्याला हात लावायचा नाय," सून म्हणाली. ती पैठणकडच्या शेतकरी घरातली. सासूला आत्या म्हणते आणि एकदा बोलली की बोलली. मलाही आतून बरंच वाटलं. पाय पुढच्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी राखून ठेवू, असा मी विचार केला. एवढी शिकलेली बाई, पण सपशेल चुकले.

सहा-सात महिन्यांत छावणीकडचा चढ जड जायला लागला. दम होता, मांड्याच ऐकत नव्हत्या. एकदा उतारावर गुडघ्यानं असा दगा दिला की एका चहाच्या टपरीचा बाक पकडून मी उभी राहिले. शर्यत तीन महिन्यांवर आलेली. सोबतच्या धावणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "वय झालं, काकू." घरी येऊन मी रडले. माझं धावणं संपलं की काय, याची मला फार भीती वाटली.

खेळाडूंना तपासणारी डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची निघाली. तिनं मला हात न टेकता खुर्चीवरून उठ-बस करायला लावलं. दहाव्या वेळी मी खुर्चीचा हात धरलाच.

"काकू, हृदय छान आहे. पण वयाबरोबर स्नायू झिजतात आणि नुसत्या धावण्यानं ते भरून निघत नाही. त्यांना ओझं लागतं. वर्षभरात काय बदललं तुमचं?"

"काही नाही. पाणी भरायचं सोडलं तेवढं."

ती हसायलाच लागली. मग नीट लिहून दिलं: हंडे पुन्हा उचलायचे, पण हलक्या ओझ्यानं सुरुवात, हळूहळू वाढ आणि मध्ये विश्रांती, कारण या वयात पायांना सावरायला जास्त दिवस लागतात.

घरी सून कमरेवर हात ठेवून उभी. "नाय म्हंजी नाय! सुनेनं सासूला पाण्याला जुंपलं म्हणतील. माझ्या माहेरापतोर बातमी जाईल!"

माहेरापर्यंत नाही, पण इमारतभर बातमी गेलीच. पहिल्या दिवशी मी अर्धा हंडा घेऊन जिना चढत होते आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सुनेला ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. सून लालेलाल झाली. पण रडणाऱ्यांतली ती नव्हेच. पुढच्या पाण्याच्या दिवशी तिनं डॉक्टरची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घालून हौदाच्या भिंतीवर चिकटवली आणि खाली उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवली. "व्हय, औषध हाय ते! तुमाला बी पायजे का?"

पाहिजे होतं! महिन्याभरात इमारतीतले सगळे साठीपुढचे हंडे घेऊन खाली यायला लागले. तळमजल्यावरच्या काकांना जिनाच नव्हता, तर ते दुसऱ्यांचे हंडे वर नेऊ लागले. एवढ्या टंचाईतही पाण्याच्या दिवशी आमच्या जिन्यात नुसता हशा असायचा.

शर्यतीपर्यंत पाय सावरतील का, म्हणून मी मात्र मनातून धास्तावलेली होते. पहिले पंधरा दिवस मांड्या ठणकल्या. मग अर्ध्याचा पाऊण झाला, पाऊणचा पूर्ण. मधल्या दिवसांत मी धावणं कमी केलं, हे माझ्या स्वभावाला फार जड गेलं.

शर्यतीचा शेवट चढावर होता. माझ्यापुढचा चाळिशीचा गृहस्थ कमरेवर हात ठेवून चालायला लागला. मी त्याच्या बाजूनं निघाले, "चला, चला" म्हणत, आणि वर पोहोचले. गेल्या खेपेपेक्षा चार मिनिटं जास्त लागली होती. सून गर्दीतून धक्के देत आली.

"आत्या, गुडघा कसा हाय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की अख्ख्या चढावर मला गुडघ्याची आठवणच झाली नव्हती. मी तिच्या गळ्यात पडले आणि भर रस्त्यात हसत सुटले.