आत्तीची करंगळी

माझी आत्ती गेली, त्यात माझाही वाटा आहे.

आज तिचं वर्षश्राद्ध झालं. जेवणं झाली, सगळे तिच्याबद्दल चांगलं बोलले. मला कुणीच काही म्हणालं नाही. म्हणून इथे लिहितेय.

आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण, शालन. हुपरीला दिलेली. सगळा जन्म घरात बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जुळवल्या तिनं.

माझं राजारामपुरीत मोबाईलचं छोटं दुकान आहे. सुरुवातीला गिऱ्हाईक यायचं आणि मला बघून विचारायचं, मालक कुठायत? त्या दिवसांत आत्ती मुद्दाम एसटीनं आली. भाचीकडूनच फोन घेणार म्हणून. साधा, बटणांचा.

"माझ्या नावावर दे," म्हणाली. "घरात माझ्या नावावर काय सुदिक न्हाय. ह्ये एक असू दे."

सिम कार्डाला बोटाचा ठसा लागतो. अंगठा ठेवला, मॅच नाही. पदरानं पुसून ठेवला, नाही. शेजारचं बोट, तेही नाही.

चांदी घासायच्या कानशीनं आणि धुवायच्या तेजाबानं तिच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या. मशीनला तिथं बोट आहे हेच कळेना.

काउंटरवर गर्दी होती. मी वैतागले. तिचे यजमान, आमचे मामा, सोबत आले होते. बाहेर रिक्षावाल्याशी गप्पा मारत होते. त्यांना आत बोलावलं आणि आत्तीला म्हणाले,

"मामांच्या नावावर काढू या. काय फरक पडतो?"

तिनं मशीनवरचं बोट काढून घेतलं.

"व्हय. तुला जास्त कळतंय."

मामांचा अंगठा पहिल्या फटक्यात लागला.

फोन मात्र आत्तीच वापरायची. तिची लेक वंदना निपाणीला. रोज दुपारी तिचा फोन यायचा. आत्ती फोन खांद्यात धरायची, हातानं कड्या जुळवायची आणि तासभर दोघींचं चालायचं.

मग मामा गेले.

मामांनी चांदीच्या सगळ्या व्यापाऱ्यांना हाच नंबर दिला होता. नंबर कागदोपत्री मामांचा, म्हणून तो संतोषनं, त्यांच्या मुलानं, स्वतःच्या नावावर करून घेतला आणि आपल्या फोनमध्ये टाकला. संतोष वाईट नाही. आईला म्हणाला, "धंद्याचा नंबर हाय गं. तू माझ्या फोनवरनं बोल की."

ती बोलायची. वंदनाचा फोन आला की संतोष फोन आईच्या हातात द्यायचा आणि समोरच उभा राहायचा. त्याचंही बरोबर होतं, मागून व्यापाऱ्यांचे कॉल येत असायचे.

बरी हायस? बरी हाय. झालं. द्या फोन परत.

त्या काळात आत्ती दोनदा दुकानात येऊन गेली. नवीन सिम दे म्हणाली. मी म्हणाले, तुझं बोट लागत नाही गं, बघू पुढच्या खेपेला. एकदा दिवाळीची गर्दी होती. एकदा मला जेवायला जायचं होतं.

दोन्ही वेळा ती थोडा वेळ स्टुलावर बसली. काहीतरी बोलायचं होतं तिला. पण काउंटरवर चार पुरुष उभे. पाणी प्यायली आणि म्हणाली, "जातो मी."

तिसऱ्यांदा आली तेव्हा पिशवी काउंटरवर ठेवली.

"आज घेतल्याबिगार जात न्हाय मी."

अंगठा लागला नाही. मी बोलायच्या आत तिनं करंगळी पुढे केली.

"ही लाव. बाकीची राबत्यात, ही एकटी बसून खाती."

लागली! हिरवा दिवा आला. आम्ही दोघी हसलो. इतकी वर्षं मशीन चालवणाऱ्या मला जे सुचलं नाही, ते तिला सुचलं.

फोन चालू झाल्या झाल्या ती बाहेर गेली. शेजारच्या क्लासच्या पायरीवर बसून वंदनाला फोन लावला. काचेतून मला दिसत होती. खूप वेळ बोलत होती. मध्येच पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, माय-लेकी किती दिवसांनी बोलतायत, येणारच रडू. मी मजेत पुढचं गिऱ्हाईक बघितलं.

संध्याकाळी वंदनाचा मला फोन आला.

"आईच्या छातीत गाठ हाय. वर्ष झालं म्हणती. संतोषसमोर कसं सांगू म्हणली."

डॉक्टरांनी एवढंच विचारलं, आधी का नाही आलात?

मला उत्तर माहीत होतं.

स्वतःचा नंबर तिला सात महिने मिळाला. दवाखान्यातही उशाशी फोन. नर्सला सांगायची, माझ्या नावावर हाय ह्यो. मी एकदा हुंदके देत माफी मागितली, तर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुझं काय चुकलं? मशीनच बावळट."

मशीन नव्हतं गं आत्ती.

परवा कागलकडची एक बाई नवऱ्याबरोबर आली. वीटभट्टीवर काम करते. अंगठा लागेना. नवरा चांगला माणूस, घाईत होता. म्हणाला, "टाका माझ्या नावावर. काय फरक पडतो?"

मी त्याला स्टूल दिलं. बसा म्हटलं, पावणं.

आणि तिला म्हटलं, करंगळी लावा ताई.

एका हाताची लागली नाही. दुसऱ्या हाताची लागली.

ती गेल्यावर मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसले आणि पोटभर रडले.

फरक पडतो, आत्ती.

तुझा नंबर वंदनानं चालू ठेवलाय. माझ्या फोनमध्ये तो तुझ्याच नावानं आहे, आणि तसाच राहील.

तुझ्या घासलेल्या बोटांना तुझ्या भाचीची भावपूर्ण श्रद्धांजली.