झारच्या राजदूताची युक्ती
आज इथल्या क्रेगीबर्न उपनगरातल्या दुकानात चेरीच्या जॅमचा वास आला आणि आमच्या जुन्या रशियन शेजारीणबाई आठवल्या. काळ्या चहात तो जॅम घालून त्या मला पाजत आणि स्वतःच्या आजोबांच्या गोष्टी सांगत. आजोबा मोठे उमराव, झारचे राजदूत. मुलांनो, तुमच्या आईच्या, म्हणजे माझ्या लेकीच्या लग्नालाही त्या आल्या होत्या. ऐन जेवणाच्या वेळी नवऱ्या मुलाचे मामा उठून उभे राहिले. "मुलाच्या मामाला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवता? आम्ही निघतो." मुख्य टेबलावर जागा उरली नव्हती आणि तुमच्या आईचे डोळे भरून आले. शेजारीणबाईंना मी काय झाले ते सांगितले. "त्यात काय!" त्या इंग्रजीत कुजबुजल्या. "मेजवानीत कोणी असा रुसला की माझे आजोबा स्वतःची प्लेट घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसत. यजमान बसेल तेच मुख्य टेबल." मी माझी प्लेट उचलली आणि मामांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. "विहीणबाई, तुम्ही इथे?" "मुख्य टेबल हेच, मामा. बसा, जिलबी गार होतेय." मामा खाली बसले आणि वाढप्याला ओरडले, "अहो, आधी विहीणबाईंना वाढा!" लग्नाच्या फोटोत मी दाराशी बसलेली पाहून तुम्ही हसता. हसा खुशाल, ते लग्न मी तिथे बसूनच पार पाडले.