कडुलिंबाच्या मुळाशी ठेवलेला डबा

मी माझ्या बायकोला फसवलं. तिनं मला कधीही फसवलं नाही. एवढं एक वाक्य आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. मुलापाशी नाही, डॉक्टरांपाशी नाही, देवासमोर हात जोडले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर मी अजूनही आवाज चढवून विषय बदलीन.

सोलापुरात माझं जुन्या मोटारींचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या. जळालेली मोटार पडत्या भावात घ्यायची, वाइंडिंग करून विकायची. सायकलच्या कॅरिअरला मोटार बांधून सुरुवात केली, कुणाच्या उपकाराखाली राहिलो नाही. घासाघीस हा माझा धंदा, आणि खरं सांगायचं तर करमणूकही तीच. समोरचा कधी डळमळतो ते मला त्याच्या मानेवरून कळतं. तोंड तिखट. हरायची सवय नाही — विशेषतः चारचौघांत.

महानंदा, माझी बायको, काउंटरला बसायची. मी गिऱ्हाइकाला भाव सांगितला की ती मान वर न करता म्हणायची, "अवो, मागच्याला कमी सांगितला होता की." गिऱ्हाईक हसायचं. मी आतून पेटायचो. पण दुकान चाललं ते तिच्यामुळं, हे मला तेव्हाही माहीत होतं. सांगितलं मात्र कधी नाही.

मुलगा परदेशात नोकरीला. तिकडे तो सुट्टीच्या दिवशी एक खेळ खेळायचा — जिओकॅशिंग. कुणीतरी माळावर, डोंगरात एक डबा लपवतं, त्या जागेचे अक्षांश-रेखांश साइटवर टाकतं, आणि बाकीचे हातात जीपीएसचं यंत्र घेऊन तो शोधत जातात. सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं, डबा होता तसा ठेवायचा. आतली एखादी वस्तू घ्यायची असेल तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. एका दिवाळीला त्यानं आईसाठी असं यंत्र आणलं. मुठीत मावेल एवढं, पिवळ्या कडेचं. मला वाटलं, चार दिवसांत कपाटात जाईल.

ते कपाटात गेलं नाही. दुकान बंद असलं की ही मला स्कूटीवर मागं बसवून निघायची. हिप्परग्याच्या तलावाकडं, अक्कलकोट रोडला, कुठंही. हे सगळं फोनमध्येही दिसतं, पण तिला ते यंत्रच आवडायचं. उन्हात उभी राहून उपग्रह पकडले जाईपर्यंत वाट बघायची, पदर डोक्यावर, तोंडात सुपारी. एकदा तिनं डब्यात शेंगाचटणीची पुडी ठेवली. पुढचा माणूस आला तर डब्यात मुंग्यांचं गाव! तेव्हापासून ती लोकरीची छोटी पाकिटं विणून ठेवायची. मी? मी चांगलं किचेन उचलायचो आणि गंजलेलं बेअरिंग ठेवायचो. तिला कळलं की ती परत जाऊन माझं बेअरिंग काढून आणायची. "हितं तरी सोडा की मालक," म्हणायची.

एकाच यंत्रावर दोघं — मला ते जमेना. म्हणून मोडनिंबच्या एका ट्रॅक्टरवाल्याकडून मी जुनं यंत्र घेतलं. नांगरलेलं रान मोजायला तो ते वापरायचा. त्याला इतकं खाली आणलं की शेवटी तो वैतागून "न्या एकदाचं" म्हणाला. घरी येऊन मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल!

यंत्र मात्र भरकटायचं.

आता त्या दिवसाचं सांगतो. वळसंगच्या पुढं एक मुरमाड माळ आहे, तिथं एकच मोठा कडुलिंब. त्याच्या मुळाच्या बेचक्यात महानंदानं स्वतःचा पहिला डबा लपवला. स्टीलचा, कडीचा. मी सायकलवर धंदा करायचो तेव्हा त्याच डब्यातून ती मला भाकरी द्यायची. डबा ठेवताना मी शेजारी पिशवी धरून उभा होतो. हे लक्षात ठेवा — मी शेजारी उभा होतो.

साइटवर टाकल्यावर काही दिवसांनी पुण्याहून चार-पाच जण शोधायला आले. शिकलेली, हसरी मंडळी. आम्हीही गेलो. मी म्हणालो, चला, माझ्या यंत्रावर दाखवतो. जागा मला ठाऊक होती, तरी मान खाली घालून यंत्राच्या बाणामागं चालत गेलो, ऐटीत. बाणानं मला बोरीच्या झुडपात नेलं. पँट काट्यांत अडकलेली, आणि मागून महानंदाचा आवाज, "आमच्या ह्यांनी त्या ट्रॅक्टरवाल्याला इतकं पिळलं, इतकं पिळलं, की त्यो म्हणला — घ्या मालक, पण दोन उपग्रह काढून घेतो!"

सगळे हसले. एक मुलगी तर खालीच बसली हसत. महानंदानं कडक भाकरी-चटणीचं गाठोडं सोडून सगळ्यांना वाढलं, मलाही वाढलं, आणि माझ्या पँटीतले काटे काढायला वाकली. मी तिचा हात झटकला.

आजही ते वाक्य आठवलं की माझे कान तापतात. हेही लिहून ठेवतो. ती गेली, तरी तापतात. असा माणूस आहे मी.

तीन-चार दिवसांनी, वळसंगला मोटार बघायला जातो असं सांगून मी एकटाच माळावर गेलो. मुळाच्या बेचक्यातला डबा काढला. समोर गुरांना पाणी पाजायची जुनी दगडी डोणी आहे, फुटलेली. तिच्या मागच्या कपारीत तो ठेवला, वर चपटा दगड. जागा विचार करून निवडली. अशा यंत्राची नेहमीची चूक जेवढी असते, त्याच्या थोडं पलीकडं. म्हणजे यंत्रावरही खापर फुटू नये आणि डबा हातीही लागू नये. धंद्यात वापरतो तेवढं डोकं वापरलं.

करायचं एवढंच होतं, की पुढच्या खेपेला तिला शोधू द्यायचं, आणि ती थकली की म्हणायचं, "आता कुणाचे उपग्रह कमी?" बास. वाक्य तयार होतं. गाडीवर जाताना मनात घोळवतही होतो.

पुढच्या रविवारी डबा बघायला गेलो, आणि ती शोधत राहिली. मुळाशी हात घालून माती उकरली, झाडाला फेऱ्या घातल्या. मी सावलीला उभा. थोडं शिजू दे म्हटलं — सौद्यात मी तेच करतो. शेवटी ती उठली, हात झटकले आणि म्हणाली, "नेला वाटतं कुणी गुराख्यानं. नेऊ दे. भाकरी तरी खाईल त्यात." रुसली नाही, चिडली नाही. मग माझ्या वाक्याला अर्थच काय उरला? संध्याकाळी मुलाला फोनवर सांगताना पुन्हा हसली, "अप्पांच्या यंत्राची साथ माझ्या यंत्राला लागली रे." मी ठरवलं, आता मुळीच सांगायचं नाही.

इथपर्यंतचं काय, चेष्टा म्हणता येईल. वाईट, पण चेष्टा. मी इतकी वर्षं स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो. याच्या पुढं यायला — बघा, किती वेळ लावला मी.

दोनेक महिन्यांनी साइटवर निरोप आला. कुणा नवरा-बायकोला डबा सापडला होता. झाडापाशी नव्हे, डोणीमागं. जेवायला बसायला सावली शोधताना सहज दिसला म्हणे. डब्याच्या मालकांनी जागेचे आकडे दुरुस्त करावेत, अशी विनंती. महानंदानं तो काउंटरवर बसून मोठ्यानं वाचला. मग चष्मा वर करून माझ्याकडं बघितलं. हसत होती.

"तुमी तर न्हाई ना हलवला, मालक?"

पकडला गेलो होतो. हो म्हणायचं होतं, हसायचं होतं. तिनं दोन शिव्या दिल्या असत्या, मुलाला फोन केला असता, वर्षभर चिडवलं असतं. एवढीच किंमत होती. मला तीही जास्त वाटली.

मी ओरडलो. दुकानात, कामगारांसमोर. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? तूच ठेवलास डोणीमागं! मी पिशवी धरून शेजारी उभा होतो की!"

"मुळाशी ठेवला हो मी. बेचक्यात."

"आधी मुळाशी ठेवलास. मग म्हणालीस, हितं दिसतंय, आन् उचलून तिकडं नेलास. आठवत न्हाई तुला?"

इतक्या सफाईनं खोटं मी गिऱ्हाइकाशीसुद्धा बोललेलो नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मग मान खाली गेली, थोडीशीच. मानेवरून मला कळतं, हे मी सांगितलंच. "व्हय?" ती म्हणाली. "असेल मग."

तुम्हाला एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. मुद्दाम मागं ठेवली. महानंदाची आई, तिची अव्वा, अक्कलकोट तालुक्यातली. शेवटची काही वर्षं तिला काही आठवत नव्हतं. पोटच्या लेकीला समोर बसवून कानडीत विचारायची, "नी यारव्वा?" — तू कोण गं बाई? महानंदा माहेराहून परत आली की मोरीत जाऊन नळ सोडायची आणि आवाज न करता रडायची. आयुष्यात तिला एकच भीती होती. मला ती माहीत होती. दुकानात ओरडताना माहीत नव्हती का? होती.

त्यानंतर तिनं माळावर जाऊन साइटवरचे आकडे दुरुस्त केले. स्वतःच्या हातानं, डोणीचे. यंत्र कपाटात गेलं. स्कूटी चालवायची बंद झाली — "रस्ता चुकले तर?" रोज सकाळी विचारायची, "बीपीची गोळी घेतली का हो मी?" मी सांगायचो, घेतलीस. काउंटरवर मी भाव सांगितला की ती गप्प बसायची. मागच्या गिऱ्हाइकाचा भाव तिला आठवत असणारच. पण आता ती स्वतःवर विश्वास ठेवत नव्हती, माझ्यावर ठेवत होती. आणि मला ते बरं वाटायचं. दुकानात शांतता होती. जिंकलो होतो ना मी.

मुलगा रजा काढून आला, तिला डॉक्टरकडं घेऊन गेला. तपासण्या झाल्या. काही नाही, वयाच्या मानानं उत्तम, असं डॉक्टर म्हणाले. तिनं मान हलवली. रिक्षात म्हणाली, "अव्वाच्या डॉक्टरनंबी आदी असंच सांगितलं होतं." मुलानं माझ्याकडं बघितलं. "अप्पा, तुम्हाला काय वाटतं?" मी बाहेर बघत म्हणालो, "विसरते थोडं."

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिचं हृदय थकलं. दवाखान्यात शुद्धीवर होती. डोकं इतकं स्वच्छ, की नर्सला स्वतःच्या सगळ्या गोळ्यांची नावं सांगितली. मी खाटेशी बसलो होतो. तिनं माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बरं झालं. तुमाला वळखतीय तवर चालले. अव्वासारखं झालं असतं तर तुमाला लई जड गेलं असतं."

तेव्हा तरी? तेव्हा तरी सांगायचं होतं ना? एक वाक्य. ते ऐकून ती कदाचित हसली असती. कदाचित हात काढून घेतला असता. मी म्हणालो, "जास्त बोलू नकोस." आणि तिच्या हातातला हात तसाच राहू दिला. पहाटेनंतर ती गेली. विसरभोळी म्हणून गेली. जिला मरेपर्यंत सगळं आठवत होतं, ती.

गेल्या महिन्यात मी माळावर गेलो. डबा डोणीमागंच होता. आत वही, पेन्सिल, कुणीतरी ठेवलेला प्लास्टिकचा हत्ती, आणि एक लोकरीचं पाकीट, तिचं. डबा पुसला आणि परत कडुलिंबाच्या मुळाशी, बेचक्यात ठेवला. तिनं ठेवला होता तिथं. मला वाटलं, झालं. फेडलं.

परवा तिच्या फोनवर निरोप आला. कुणी तरुण दांपत्य डोणीपाशी तासभर शोधून रिकाम्या हातानं परत गेलं. साइटवरचे आकडे अजून डोणीचेच आहेत, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांनी लिहिलंय, "डबा जागेवर नाही. लपवताना मालकांचा काही गोंधळ झालाय का? कृपया उत्तर द्यावं." मालक म्हणून वर नाव महानंदाचं. मी नीट करायला गेलो, तरी चूक तिच्याच नावावर गेली.

निरोपाखाली उत्तराची चौकट रिकामी आहे. रोज दुकान उघडलं की मी ती बघतो, आणि गिऱ्हाईक आलं की फोन उलटा ठेवतो. तिचा काहीही गोंधळ झाला नव्हता. तिला आता कुणी काही विचारू नये.

डबा कुणी हलवला, शिवशरण? दुकानात ओरडताना आवाज होता ना तुझा? मग दे उत्तर. तिच्या नावाखाली लपून नको. स्वतःच्या नावानं दे.