आमचे पोपट कामाला लागले

आमच्या पोपटवाल्यांच्या कट्ट्यावर किस्से साठायला वेळ लागत नाही. एकाचा सांगून होतोय तोवर दुसऱ्याच्या घरी नवा घडलेला असतो! दर रविवारी सकाळी भवानी पेठेत, डॉक्टर मॅडमच्या दवाखान्याच्या गच्चीवर आम्ही जमतो. मॅडम पक्ष्यांवर उपचार करतात. आपला हिरवा पोपट पाळायला कायद्यानं बंदी, म्हणून आमची सगळी मंडळी परदेशी वंशाची. पण जन्म सोलापूरचा, त्यामुळे ऊनही पचवतात आणि ज्वारीही!

सुरुवात माझ्यापासून झाली. मी गणिताची शिक्षिका, आता रिटायर. माझा बंड्या राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा. एके दिवशी तो स्वतःच्याच छातीवरची पिसं उपटायला लागला. महिनाभरात छाती अगदी सोललेल्या कोंबडीसारखी! मला बघवेना. टॉवेलात गुंडाळून रडत रडतच दवाखान्यात नेलं.

मॅडमनी रक्त तपासलं, कातडी तपासली आणि विचारलं, "दिवसभर करतो काय हा?"

"काही नाही हो. वाटी भरलेली असते. खातो आणि बसतो."

"तेच दुखणं आहे. रानातला पोपट अर्धा दिवस खाणं शोधत हिंडतो. बाई, तुम्ही याला जन्मतःच रिटायर केलंत! औषध राहू द्या, कामाला लावा."

काम म्हणजे काय, तर खाणं कागदात, पुठ्ठ्यात लपवायचं आणि त्यानं शोधून काढायचं. आधी पुडी अर्धी उघडी, जमलं की पूर्ण बंद. वाटी एकदम काढायची नाही, रोज वजन करायचं. मॅडमनी बजावलं, "शिकवायचंय, उपाशी मारायचं नाही!"

*

पहिल्या पुडीकडे बंड्यानं असं पाहिलं, जसं मी शाळा तपासायला आलेल्या साहेबाकडे पाहायचे.

मग मीच समोर बसले. पुडी फाडली, शेंगदाणा काढला, खाल्ला. "बघ, अस्सं!" दुसरी फाडली. "अस्सं!" तो मान वाकडी करून मन लावून बघायचा. जागचा हलायचा नाही.

तिसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी विचारलं, "बाई, शिकला का वो पोपट?"

"पोपट नाही शिकला, पण शेंगदाणे संपले!"

आठव्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना मागून 'फर्रर्र' असा आवाज आला. धावत गेले. बंड्याच्या पंज्यात फाटका कागद, चोचीत दाणा. पीठ लागलेल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या मी!

*

त्यानंतर आमच्यात स्पर्धाच लागली. मी डबीत डबी घालायची, त्यानं उघडायची. एकदा मीच एका डबीचं झाकण इतकं घट्ट लावलं की मलाच निघेना. मी झटतेय, घाम पुसतेय. बंड्या दांडीवरून पाहत होता. अखेर हुबेहूब माझ्या आवाजात म्हणाला, "डोकं चालव जरा! सोप्पं आहे!"

शिकवणीच्या पोरांना मी हेच म्हणायचे. त्या सगळ्या पोरांची मी तिथल्या तिथं मनातल्या मनात माफी मागितली.

बंड्याच्या छातीवर पहिलं कोवळं पीस फुटलं, त्या दिवशी शिरा करून मॅडमना नेला. "मला कशाला? मेहनत बंड्याची," म्हणाल्या, आणि दोन वाट्या संपवल्या!

*

सलमाआपांचा शेरू पिवळाधमक. त्याचं खाणं लपवायला त्यांच्या सासूबाईंचा, अम्मींचा, कडक विरोध. "क्या जी सलमा, घर के मेहमान से खाना छुपाते क्या? शरम की बात है!"

अम्मींना वर्षभरापासून विसरायला होत होतं. नावं विसरायच्या, दिवसभर भिंतीकडे बघत बसायच्या. एकदा घाईत होत्या म्हणून आपांनी पुठ्ठ्याच्या डब्या अम्मींच्याच हातात दिल्या. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्या खात्यावर अम्मींचा कब्जा! उशीखाली एक डबी, पडद्यामागं एक. दुपारपर्यंत कुठं ठेवली ते विसरायच्या. मग शेरू खांद्यावर आणि दोघं मिळून घरभर शोधाशोध!

मॅडम एकदा बघायला घरी गेल्या, तेव्हा अम्मी ऐटीत म्हणाल्या, "मैं भूली तो उनो याद दिलाता, उनो भूला तो मैं!"

सलमाआपा हे आम्हाला सांगत होत्या आणि मॅडम तेवढा वेळ उगाचच चष्मा पुसत होत्या.

*

नरसय्याकाकांची सगळी हयात कापड विणायच्या मागावर गेली. घरात तेलुगू, पेठेत मराठी. त्यांची चिट्टी म्हणजे तुरेवाली, गालावर केशरी ठिपके असलेली कॉकटील, पोपटाचीच छोटी जात. सुताचे रिकामे कोन, म्हणजे धागा गुंडाळायचे पुठ्ठ्याची निमुळती नळकांडी, त्यांच्या घरी पोत्यानं. त्यात ज्वारी भरून ते चिट्टीपुढे ठेवायचे.

एका रविवारी गच्चीवर आणलेल्या कोनाला सूत राहिलं होतं. चिट्टीनं दाणे सोडले आणि सूत ओढत बसली. मॅडम ओरडल्या, "काका, पायात अडकेल! आधी सूत काढा!"

काकांनी मुकाट्यानं सूत काढलं. पण चेहरा असा खुललेला! "म्याडम, माझी तिन्ही पोरं पुण्याला कंप्युटरवर. मागाच्या सुताला हात लावला तो हिनंच!"

*

पत्नी गेल्यापासून काकांना घरात बोलायला चिट्टीच. आणि थंडीत एका सकाळी पिंजरा साफ करताना ती उडाली.

आम्ही सगळे गल्लोगल्ली फिरलो. फोटो मोबाईलवर पाठवले. मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पिंजऱ्यातला पक्षी बाहेर दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. समोर दाणा असला तरी तो खायचा असतो हे त्याला कळत नाही." मी काकांना हे सांगितलं नाही. ते रोज गच्चीवर उभे राहून हाका मारायचे.

सातव्या दिवशी फोन आला. मंगळवेढ्याच्या रस्त्याला, शहराबाहेर, एका शेतातून. काका आणि मी रिक्षानं गेलो. शेतकरीणबाई बांधावरच उभ्या होत्या.

"पयल्या दिशी गोफण उचलली व्हती म्या. मग बगितलं, गालाला कुकू लावल्यावानी दिसलं. हात खाली आला. वाटीत दाणं ठिवलं तर तोंड बी लावंना! कणसाला उलटं लोंबकळून खातंय की!"

उडून जायच्या आधी महिनाभर काका तिला पाल्यात गुंडाळलेली अख्खी कणसंच टांगून देत होते.

ज्वारी डोक्याएवढी उभी. काका बांधावर थांबले. मग तेलुगूत, लेकीला 'ये' म्हणावं तसं, हळूच म्हणाले, "रा अम्मा, रा."

दूर एक कणीस हललं. चिट्टीनं मान वर केली, पाहिलं. निवांत चार दाणे आणखी टिपले. आणि मग उडाली ती थेट काकांच्या खांद्यावर!

काकांनी बाईंना हात जोडले. बाई वळल्या, विळ्यानं चांगली दहा-बारा कणसं कापली, पाल्यानं जुडी बांधली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"अवो नको, नको," काका म्हणाले.

"नको कसं? सात दिस माहेराला ऱ्हायली पोर. रिकाम्या हातानं लावून देऊ व्हय?"