किल्लीच्या वायरीवरची चिठ्ठी

बाळूदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात गाडी पुसत होतो. फोन वहिनींचा होता. “भाऊजी, हे गेले हो... चहा ठेवला होता, तेवढ्यात.” मी हातातल्या फडक्यासकट धावत सुटलो आणि कोपऱ्यावर दिसलेल्या ऑटोत बसलो. दारात गाडी उभी होती, पण ती काढायचं सुचलंच नाही. दादाला हे कळतं तर आधी तो माझ्यावर उखडला असता, “गाडी असताना ऑटोने आलास?”

बाळूदादा माझ्या नात्यातला नव्हे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात जन्मभर तारा जोडून निवृत्त झालेला, नानाखेड्याला राहणारा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा माणूस. आमची मैत्री जुळली ती माझ्या वडिलांच्या अँबेसेडरमुळे. मुलीच्या लग्नाआधी मी हौसेने गाडीला नवा पांढरा रंग दिला आणि तिला भूतबाधा झाली. ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणायचे, इंडिकेटर दिला की मागचे सगळे दिवे मलूल व्हायचे. फ्रीगंज बाजारातल्या तीन मिस्त्र्यांनी सांगितलं, सगळी वायरिंग बदला. चौथा म्हणाला, गाडीच बदला. कोणीतरी दादाचं नाव सुचवलं. त्याने डिक्कीत डोकं घातलं आणि पाच मिनिटांत हसत बाहेर आला. “श्रीकांत, रंग तर एकदम बढिया दिलाय. पण अर्थिंगच्या जागेवरही दिलाय ना! करंटला परत जायला रस्ताच नाही, मग तो बिचारा दुसऱ्यांच्या घरातून जाणारच.” मग पॉलिश पेपर घेऊन त्याने माझ्या कोऱ्या रंगात रुपयाएवढी जागा लोखंड दिसेपर्यंत खरवडली. माझा जीव तीळतीळ तुटत होता. त्याने वायरीचं टोक तिथे घट्ट आवळलं आणि गाडी शहाण्यासारखी वागू लागली.

मला तेवढं पुरे होतं, दादाला नव्हतं. लग्न पार पडल्यावर तो संपूर्ण हिवाळाभर रोज सकाळी दहाला यायचा आणि डॅशबोर्डखाली उताणा पडायचा. आतल्या वायरींवरचं कापड कुजलेलं, रंग ओळखू येत नव्हते, जिथे तिथे कोणीतरी पीळ मारून टेप गुंडाळलेली. दादा एकेक जोड सोडवून सोल्डर करायचा आणि प्रत्येक वायरीला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधायचा. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या. घरी आलेली एकही पत्रिका तो टाकत नसे. “लग्न टिकेल न टिकेल, कार्ड मात्र टिकतं,” असं वहिनींसमोरच म्हणायचा. कुणाच्या तरी चि. सौ. कां. च्या पाठीवर त्याच्या गोल अक्षरात ‘हॉर्न’, ‘डावा दिवा’, ‘वायपर’ असं लिहिलेलं असायचं. मी टॉर्च धरायचो आणि नको तिथे सल्ले द्यायचो. मला शिकवायचा त्याने पुष्कळ प्रयत्न केला. “तार तापव, कथील आपणहून वितळेल. कथीलच तापवत बसू नको.” मी कथीलच तापवत बसायचो.

शेवटच्या दिवशी मात्र मी अडून बसलो. माझ्या वडिलांची गाडी, त्यात एक तरी जोड माझ्या हातचा हवा. दादाने किल्लीची वायर माझ्या हातात दिली. सोल्डर जमेना म्हणून मी सरळ पीळ मारला, वर भरपूर टेप गुंडाळली आणि छाती फुगवून बघितलं. त्याने जोड बोटांनी चाचपला. आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण त्याने एक चिठ्ठी लिहून बांधली आणि चहा मागितला. डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे मी ती वाचली नाही. वायरीचं नाव असणार, दुसरं काय!

गेल्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, गुरुवारी मी मुलाकडे पुण्याला चालले. त्याआधी एकदा त्या गाडीत बसवून क्षिप्रेच्या घाटावर न्याल? ह्यांनी इतकं जीव लावून काम केलं, अन् मी एकदाही बसले नाही.” मी मोठ्या तोऱ्यात हो म्हटलं. बुधवारी सकाळी किल्ली फिरवली... गाडी गप्प. हॉर्न वाजत होता, दिवे लागत होते, पण किल्लीला दाद नाही. वहिनींना फोन केला तर म्हणाल्या, “टेन्शन नका घेऊ, ऑटो करून घेऊ.” ते ऑटो माझ्या फार जिव्हारी लागलं. दादाच्या कामाला मिस्त्र्याचा हात लागू देणार नव्हतो आणि मला स्वतःला तर काहीच येत नव्हतं. चष्मा लावला, टॉर्च घेतला आणि त्याच्यासारखाच डॅशबोर्डखाली उताणा पडलो. डोक्यावर त्या सगळ्या चिठ्ठ्या लोंबत होत्या. मग एकेक वाचत किल्लीच्या वायरीशी आलो. तिथे लिहिलं होतं :

‘हा जोड श्रीकांतचा. बंद पडल्यास आधी इथे बघावे.’

मी एकटाच मोठ्याने हसलो आणि हसता हसता रडलो. लबाड माणूस! तेव्हाच दुरुस्त केला असता तर मी रुसलो असतो, हे त्याला ठाऊक होतं. बॅटरीची तार काढून ठेवली आणि टेप सोडली. आतला पीळ हिरवा पडून सैल झालेला होता. त्याचं सोल्डरिंग आयर्न त्या हिवाळ्यापासून माझ्याकडेच राहिलंय. या वेळी मी तार तापवली.

गुरुवारी सकाळी, वहिनी पुण्याला निघण्याआधी, पहिल्याच किल्लीला गाडी सुरू झाली. वहिनी पुढच्या सीटवर, दादाच्या जागी बसल्या. “ह्यांचं काम पक्कं हो,” त्या म्हणाल्या. मी मान डोलावली.

जोड आता मजबूत आहे. चिठ्ठी मी परत तिथेच बांधली आहे.