तारीख कशाची?

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी बारामतीच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. फोन त्यांच्या मुलाचा, संदीपचा. "मॅडम, आबा गेले. सकाळी शेरडं सोडायला उठले, ओसरीवर टेकले, ते तितंच..." मी "बरं" म्हणाले. असल्या बातमीला माणूस "बरं" का म्हणतो, कुणास ठाऊक. फोन ठेवून मी मुलांना पुढचा प्रश्नही सांगितला. मोरगावच्या एसटीत बसेपर्यंत डोळे कोरडेच होते. कंडक्टरनं "कुठं?" विचारलं आणि मग मात्र आवरेना.

आबा माझ्या नात्याचे कुणी नव्हते. नव्वदच्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या शेती विभागात बिरूदेव कोकरे हेडक्लार्क होते, आणि मी तिथं कॉम्प्युटरवर नेमलेली कोऱ्हाळ्याची पोर. डिप्लोमा नुकता हातात पडलेला, बावीसचं वय, त्यामुळे वारं प्यायल्यासारखी माझी चाल. ते मला पहिल्या दिवसापासून "मॅडम" म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे मला वर्षभर कळलं नाही.

उसाची तोड पाळीनं होते. ज्याची लागण, म्हणजे लावणी, आधी, त्याचा ऊस आधी तुटायचा. आमच्या कारखान्याचे गावांनुसार तीन गट होते आणि प्रत्येक गट आपापली यादी करून तोडणीच्या आपापल्या टोळ्या लावायचा. त्या वर्षी शेतकी अधिकाऱ्यांनी ठरवलं, यापुढं सगळ्या कारखान्याची यादी एकच. अडचण अशी की तिन्ही गटांची माहिती तीन तऱ्हांनी ठेवलेली. एकाची फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्राममध्ये, एकाची स्प्रेडशीटमध्ये आणि बावड्याच्या गटाची एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करून फ्लॉपीवर यायची. मी म्हटलं, काही हरकत नाही. ओडीबीसी नावाची एक नवी सोय आली होती. प्रोग्राम एकाच पद्धतीनं विचारतो, आणि प्रत्येक तऱ्हेच्या फाइलसाठी एक मधला दुवा असतो, तो ज्याच्या त्याच्या पद्धतीनं माहिती काढून आणतो.

हे आबांना सांगितलं आणि ते खुर्ची ओढून माझ्या शेजारीच येऊन बसले. "म्हंजे आपण एकच बोली बोलायची, आन् मदला गडी ज्याच्या त्याच्या बोलीत इचारून येनार?"

"हो. त्याला ड्रायव्हर म्हणतात."

"गाडी न्हाय आन् डायवर हाय!" ते खूश झाले. मग त्यांनी त्यांच्या वडलांच्या मेंढरांचं सांगितलं. चाऱ्यासाठी मुलखोमुलूख फिरताना वाटेवर आठ-दहा घरांचे कळप एकत्र चरायचे, प्रत्येक घराची कानावरची खूण निराळी, पण शीळ एकच. एका शिळेवर सगळी मेंढरं माना वर करायची. पडद्यावर तिन्ही गटांचे प्लॉट एका यादीत सरसर उतरले तेव्हा आबांनी खरोखरच हलकी शीळ घातली. मला इतका आनंद झाला होता की घरी जाऊन मी आईला तीच गोष्ट दोनदा सांगितली.

हंगाम सुरू झाला आणि दीडएक महिन्यानं बावड्याच्या शालनबाई ऑफिसात आल्या. नवरा वारल्यावर शेत एकटीनं पाहणारी बाई. हातातलं उसाचं कांडं त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलं आणि मधोमध मोडलं. आत पांढरा भुसा. "तुरा येऊन म्हैना झाला. रोज पोकळ हुतोय. वड्यापल्याड माज्या मागनं लावल्याला ऊस, त्यो दुसऱ्या गटात म्हनून तुटून गेला बी. माजी पाळी कवा?"

मी यादी पाहिली. त्यांचं नाव पार तळाशी होतं. आणि मी म्हणाले... आजही लिहिताना लाज वाटते, मी म्हणाले, "बाई, यादी मशीननं लावलीय. त्यात चूक होत नाही."

आबा उठले. त्यांनी शालनबाईंना पाणी दिलं, मोडलेलं कांडं उचलून बराच वेळ निरखलं. "मशीन खोटं बोलत न्हाय, ही बाई बी खोटं बोलत न्हाय," ते म्हणाले. "मग ह्ये झालं कसं?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. कोडं पडल्यावर लहान मूल जसं पाहतं, तसे ते त्या उसाकडे पाहत होते. दुपारी आम्ही जीपनं बावड्याला गेलो.

तिथले सोपानराव ऊस नोंदीचं काम करत. पन्नाशी उलटलेली, मिशा पांढऱ्या, तरी कारखान्याच्या कागदावर हुद्दा "चिटबॉय". आबांनी त्यांच्या वहीतल्या तारखेवर बोट ठेवलं. "सोपानराव, ही तारीख कशाची?"

"म्या बगितल्याची."

"म्हंजे?"

"लोकं सांगत्यात त्याच्यावर कोन इस्वास ठेवतंय, आबा? लौकर पाळी यावी म्हनून सगळेच लागण म्हैनाभर आदी सांगत्यात. मी कुनाचंच लिवत न्हाय. बांधावर जायचं, कोंब डोळ्यानं बगायचं, त्या दिवसाची तारीख टाकायची. वीस वर्सं आसंच हाय."

आबा माझ्याकडे वळले. बाकीच्या दोन गटांत शेतकरी सांगेल ती तारीख लिहीत, म्हणजे खऱ्या लागणीच्या आधीची. सोपानराव लिहीत ती कोंब दिसल्याची, म्हणजे तिच्यापेक्षा दीड-दोन महिन्यांनी पुढची. याद्या वेगळ्या होत्या तोवर कुणाचंच बिघडत नव्हतं, गटातल्या गटात सगळे सारखेच मागे-पुढे. मी त्या एकत्र केल्या, आणि ज्या गटात सर्वांत प्रामाणिक नोंद होती तोच गट तळाला गेला. तिन्ही फाइलींत रकान्याचं नाव "तारीख" होतं. मला तेवढं पुरलं होतं.

परतताना मी जीपमध्ये रडले. आबा म्हणाले, "पोरी, मी बी तितंच बसलो हुतो, शिळा घालत. तिगास्नी एकसारखं इचारलं, म्हनून मला वाटलं उत्तर बी एकसारखंच आलं." दुसऱ्या दिवशी शेतकी अधिकाऱ्यांसमोर त्यांनी हेच सांगितलं, फक्त त्यात माझं नाव घेतलं नाही.

पुढचे चार दिवस आम्ही तिन्ही गटांत फिरलो. आबा कुणालाही तारीख विचारायचे नाहीत. "लागण केली तवा पंचमी झाली हुती का? पोरी माहेराला आल्या हुत्या का? कॅनॉलचं पाणी कितवं हुतं?" असं विचारायचे. तारीख पुढे-मागे करणारी माणसं नागपंचमी पुढे-मागे करत नाहीत, हे मी तेव्हा शिकले. मी प्रोग्राममध्ये प्रत्येक नोंदीपुढे आणखी एक रकाना घातला : तारीख कशाची. नवी यादी लागली आणि शालनबाई तळातून थेट वर आल्या.

आठवड्यात त्यांच्या शेतात टोळी उतरली. पण मधला महिना कुणाला परत आणता येणार होता? दर वर्षी त्या रानातून तीन ट्रॉल्या भरून जायच्या. त्या वर्षी तिसरी अर्धीच भरली. शालनबाई बांधावर उभ्या राहून त्या अर्ध्या ट्रॉलीकडे पाहत होत्या.

मी पुढे कारखाना सोडून शिकवायला लागले. आबा निवृत्त होऊन मोरगावला गेले, पण त्यांचं विचारणं काही निवृत्त झालं नाही. मी भेटायला गेले की चहा येण्याआधी प्रश्न यायचा. नकाशावाल्या मोबाइलला पुढं गर्दी हाय हे कोण सांगतं? हवामानवाले "आमच्याकडं" पाऊस म्हणतात ते मोरगावात का बारामतीत? मला उत्तर येत नसे तेव्हा ते जास्त खूश होत.

मागच्या रविवारी पुन्हा गेले होते. संदीपनं आबांचा फोटो मोठा करून आणला होता. खाली नाव, जन्म आणि मृत्यू लिहून फ्रेम करायची होती. त्यानं दोन कागद पुढे ठेवले. "मॅडम, शाळेच्या दाखल्यावर एक जून हाय, आधारवर एक जानेवारी. कुठली टाकू?"

मी म्हटलं, "दाखल्यावरची तारीख कशाची?" आणि माझी मीच दचकले. एक जून ही गुरुजींनी वर्गातल्या निम्म्या पोरांना दिलेली तारीख. ती जन्माची नव्हे, शाळेत घालण्याची सोय. आधारवरची कशाची, ते संदीपलाही ठाऊक नव्हतं. मी उठून आत गेले. आबांच्या थोरल्या बहिणीला, अक्कांना, आता कमी ऐकू येतं. कानाशी वाकून विचारलं, आबा झाले तेव्हा मेंढरं कुठं होती?

"जूनात न्हाय गं बाई," अक्का लगेच म्हणाल्या. "थंडीत. दिवाळी करून कोकनात चाललो हुतो. घाट उतरताना झाला त्यो. मी सात वर्साची, घोड्याचा कासरा धरून हुबी. मी डोळ्यानं बगितलाय."

फ्रेम काल लागली. फोटोखाली आबांचं नाव आहे आणि त्याखाली संदीपनं लिहून घेतलंय : जन्म – दिवाळीनंतर, घाट उतरताना. त्यापुढे मृत्यूची तारीख आहे. ती कशाची, हे मला कुणालाच विचारावं लागलं नाही.