आत्या बरी झाली, असं मी छापलं

तुमच्या घरातलं म्हातारं माणूस दिवसातून किती वेळा परसाकडे जातं, हे तुम्हाला माहीत आहे का? मला माहीत होतं. तरी मी गप्प बसलो — आणि हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

माझी आत्या डोळखांबकडच्या एका पाड्यावर राहते. तिला जुनी आव होती. पोटात मुरडा, शौचातून पडणारी शेम, वर्षानुवर्षं तेच. मुरबाडच्या वैद्यांनी कुड्याच्या झाडाच्या सालीचा काढा दिला, ताक-भात खायला आणि पाणी उकळून प्यायला सांगितलं. थोड्याच दिवसांत उतार पडला. मी पेटलो. कंपन्या गोळ्या विकून लुटतात, औषध तर आपल्या रानातच उभं आहे — असं पत्रक लिहिलं, आत्याच्या नावानिशी, आणि शहापूरच्या बाजारात वाटलं.

वैद्यांनी आणखी एक बजावलं होतं. शौचाची तपासणी करा, आणि रक्त पडलं तर काढ्यावर थांबू नका, दवाखान्यात न्या. ते वाक्य मी गाळलं. का? पत्रकाचा जोर कमी होत होता म्हणून. जोर!

पावसाळ्यात आव उलटली. पत्रक वाचून लोक साल कशी उकळायची ते विचारायला येत, आणि आत्या पोट दाबून धरत सांगत बसे. एकदा वाळत घातलेल्या तिच्या लुगड्यावर मला डाग दिसला — धुऊनही न गेलेला. मी विचारलं, तर हसली.

“छापलंस ना रे, आत्या बरी झाली म्हून? मंग आता आजारी कशी पडू? लोकं तुला हसतील.”

आणि मी काय केलं? पत्रकाचा दुसरा गठ्ठा छापायला टाकला.

शेवटी ती पाणवठ्यावर कोसळली. त्या गढूळ पाणवठ्याबद्दल मी कधी एक ओळ लिहिली नव्हती. दवाखान्यात तपासणी झाली आणि ज्यांना मी शिव्या घातल्या होत्या, त्याच गोळ्यांनी ती वाचली. माझा राग कुड्यावर नाही, वैद्यांवर तर नाहीच. राग माझ्यावर आहे, आणि तो उतरत नाही.

आजही ती सगळ्यांना सांगते, काढ्यानंच गुण आला. मी शेजारी उभा राहून ऐकतो. ते ऐकून कुणी आपल्या आईच्या गोळ्या बंद केल्या असतील? — मी कधी शोध घेतला नाही.

मला माफी नको. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, शौचातून रक्त पडतं का. ‘नाय’ म्हणालं, तरी तपासायला न्या.